‘समशोधन’: एका पारिभाषिक शब्दाचा अर्थ

एकघाती समीकरणातील पद दुसऱ्या बाजूस ‘नेले’ की चिन्ह बदलते, असे शाळेत पुष्कळदा सांगितले जाते. चिन्ह का बदलते, हे मात्र ‘नेणे’ या क्रियापदातून उमगत नाही. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ (शके १०७२) या ग्रंथाचा भाग मानल्या जाणाऱ्या ‘बीजगणिता’तील परिभाषा या दृष्टीने उद्बोधक आहे.

त्यांतील एक उदाहरण असे: एकाजवळ ३०० रूपे व ६ घोडे; दुसऱ्याजवळ १० घोडे, पण १०० रूपांचे ऋण. सर्व घोडे समान मूल्याचे व दोघांचे धन सारखे. तर एका घोड्याचे मूल्य किती? अज्ञात मूल्यास ‘यावत्तावत्’, संक्षेपाने ‘या’, अशी संज्ञा आहे. त्यानुसार पहिला पक्ष ‘या ६ रू ३००’. दुसरा ‘या १० रू १००’, यांतील १०० वर ऋणदर्शक बिंदू.

पुढील क्रिया समशोधनाची, म्हणजे दोन्ही पक्षांतून समान राशी वजा करण्याची. ‘या ६’ वजा करता एकीकडे ३०० रूपे, दुसरीकडे ‘या ४’ व १०० ऋण उरते. ते ऋणही दोन्हींतून वजा करावे. ऋण वजा होणे म्हणजे धन वाढणे. म्हणून ३०० चे ४०० होतात. त्यांस ४ ने भागता मूल्य १०० येते.

येथे कोणतेही पद जागा सोडीत नाही. चिन्हबदलाचे कारण ‘ऋण’ या शब्दातच आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठाचा उल्लेख आहे. त्या परंपरेच्या प्रदेशात ‘नेणे’ सोडून ‘दोन्हींतून वजा करणे’ म्हणणे अवघड वाटू नये.