मुरूम आणि गाजरगवत

पुणे शहरातील उकिरड्यांवर १९५५ साली, गाजरासारखी चिरलेली पाने आणि तांदळाच्या कणीसारखी पांढरी फुले असलेले एक अपरिचित रोप आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडले आणि पुढील वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा काही दशकांत ते देशभर पसरेल, अशी कल्पना क्वचितच कोणास आली असेल. गाजरगवत, काँग्रेस गवत, पांढरफुली, चटकचांदणी अशी नावे लोकांनी त्याला दिली. वस्तुतः ते गवत नव्हे, तर सूर्यफुलाच्या कुळातील, मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशातील वर्षायू रोप होय.

ते अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतील गव्हाबरोबर आले, हा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु त्या योजनेखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला, म्हणजे पुण्यातील शोधानंतरचा. आणि १९५१ च्या कर्जाने आलेल्या अमेरिकी धान्याकडे बोट दाखवावे, तर वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने केलेली कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाची जी सूची १८१४ साली प्रसिद्ध झाली, तिच्यातही या रोपाचे नाव आढळते. सबब ते आले कोणत्या वाटेने, यापेक्षा ते पसरले कोणाच्या हातांनी, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

याचे उत्तर शोधताना मुरुमाच्या आणि खडीच्या खाणींकडे पाहावे लागते. एका रोपाला हजारोंच्या संख्येने बी धरते, ते मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, आणि जेथे वरची माती खरवडून मूळची झाडेझुडपे नाहीशी केलेली असतात, गुरे त्याला तोंड लावत नाहीत आणि त्याच्याशी स्पर्धा करणारे दुसरे काही उरलेले नसते, अशा उघड्या खाणकाठी त्याचे अनिर्बंध राज्य चालते. पहिल्या पावसाने ते उगवते, महिन्याभरात फुलावर येते, आणि ट्रकच्या चाकांना लागलेल्या चिखलातून व मुरुमाच्या ढिगातून त्याचे बी रस्त्याच्या कडेला, घराच्या जोत्यात, शेताच्या बांधावर जाऊन पडते. गौण खनिजाच्या परवान्यात गट क्रमांक, ब्रास आणि स्वामित्वधन यांची काटेकोर मोजदाद होते. बरोबर निघालेल्या बियांची नोंद मात्र वाहतूक पावतीवर कधी उतरत नाही.

आणि त्याचा उपद्रव साधा नाही. त्यातील द्रव्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज, पुरळ आणि चिवट दाह होतो, त्याचे परागकण काहींना दम्याचा त्रास देतात. अनवाणी पायांनी, उघड्या हातांनी खाणीवर राबणाऱ्या मजुरालाच हे भोगावे लागते. कर्नाटकाने १९७५ साली त्याला कायद्याने उपद्रवी तण ठरविले. बंगळूरला १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा भुंगा आणून पुढील वर्षी मोकळा सोडला. तो पावसाळ्यात पाने खाऊन रोप निष्प्रभ करतो, तथापि एकट्याच्या बळावर खाण निर्मळ करू शकत नाही.

म्हणून बंदोबस्त मनुष्यानेच करावयाचा, आणि त्याचा क्रम ठरलेला आहे. बी बहुधा वरच्या थरात असते. तो थर प्रथम काढून वेगळा ठेवावा व विक्रीच्या मालात मिसळू देऊ नये. रोपे फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावी. काठावर व ढिगांवर टाकळा पेरून गाजरगवताला जागाच ठेवू नये. आणि वाहन खाणीबाहेर पडण्यापूर्वी त्याची चाके धुवावी. यांपैकी एकही काम महागडे नाही. सगळ्यांना वेळेचे भान मात्र लागते, कारण फुलोरा आल्यावर तोच माणूस तीच रोपे उपटतो तेव्हा बी झडून पुढच्या पावसाळ्याची पेरणी होते.

खाणीचा परवाना जमिनीच्या पोटातील मुरूम उचलण्याचा हक्क देतो. त्या मुरुमाबरोबर दूरच्या शेतकऱ्याच्या बांधावर तण धाडण्याचा अधिकार त्याने कोणाला दिलेला नाही. ज्याने जमिनीची वरची कातडी सोलली, त्यानेच त्या जखमेची निगा राखावी, हा न्याय दप्तरात लिहिला जावो अथवा न जावो, खाणीच्या काठावर पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत तो पाळता येतो.