चिनी मातीची उसनवारी

मंडळी, लोणच्याच्या बरणीला आपण चिनी मातीची बरणी म्हणतो. माती कुठल्याही गावची असो, नाव मात्र चीनचे! हजार वर्षांहून अधिक काळ देशोदेशींचे कुंभार चीनकडे पाहून हात चालवीत आले. नक्कल हा शब्द आपण जरा नाक मुरडूनच उच्चारतो; शाळेत तर त्याला छडी ठरलेली. गुरुजींनी रागावू नये, पण या भांड्यांची हकिकत निराळी आहे.

नवव्या शतकात इराकमधील बसरा बंदराकडे चीनची पांढरीशुभ्र भांडी येत. तिथल्या कुंभारांना वाटले, आपणही अशीच घडवावीत. पण माती कुठली आणायची? चिनी कुंभाराची माती प्रखर आचेतही पांढरी राही. बसऱ्याची माती भाजली की पिवळट. मग त्यांनी काय केले, ठाऊक आहे? आपण पितळेच्या भांड्यांना कल्हई करतो ना, तेच कथील! त्याची राख त्यांनी झिलईत मिसळली. झिलई दुधासारखी दाट झाली आणि खालची माती झाकली गेली. लबाडी म्हणा हवी तर. पण त्या पांढऱ्यावर त्यांनी कोबाल्टच्या निळ्या रंगाने पाने आणि अक्षरे काढली. ज्या भांड्यांची नक्कल चालली होती, त्यांच्यावर हे निळे नव्हतेच.

आता गंमत पाहा. 1998 साली इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ एक बुडालेले गलबत सापडले. त्यातील एका वाडग्यावर इ. स. 826 या सालाची चिनी तिथी आहे. सुमारे 60,000 नगांच्या त्या मालात तीन थाळ्या पांढऱ्यावर निळ्या नक्षीच्या निघाल्या. घडल्या चीनमध्ये, नक्षीचे वळण बसऱ्याचे! पुढे चौदाव्या शतकात चीनमधील जिंगदेझेनच्या भट्ट्यांनी इराणचे कोबाल्ट वापरून ही निळाई अशी काही फुलवली, की जगाने तिला चिनीच मानले.

युरोपातही तेच. 1604 साली ॲम्स्टरडॅमला पोर्तुगीजांच्या पकडलेल्या जहाजावरील चिनी भांड्यांचा लिलाव झाला आणि डच लोकांना त्यांचे वेडच लागले. 1644 मध्ये मिंग राजवट कोसळली, माल येईना. तेव्हा डेल्फ्ट गावात बंद पडलेल्या बिअरच्या कारखान्यांत कुंभार शिरले. युक्ती तीच, कथलाची. ज्यांनी चीन कधी पाहिला नाही, ते चिनी माणसे रंगवू लागले! पण हळूहळू बशीवर पवनचक्क्या आल्या, गलबते आली, फुले खोवण्याचे मनोऱ्यासारखे उंच घट आले. पुढे युरोपच्या गिऱ्हाइकांसाठी चिनी कुंभारही त्यांच्या चित्रांबरहुकूम रंगवू लागले.

एक गोष्ट मात्र अवघड आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंगदेझेनचे कुंभार नव्या भांड्यांच्या तळाशी दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगह्वा बादशहाचे नाव लिहीत. ही रीत बहुतेक आदराचीच. पण एखाद्या अभंगात दुसऱ्याच कोणी तुकोबांची मुद्रा घालावी, तसे हे झाले. भक्ताने घातली तर एक, पोथी विकणाऱ्याने घातली तर दुसरे. तळाची ती सहा अक्षरे दोन्हीकडे सारखीच. म्हणून जाणकार माणूस नाव वाचून थांबत नाही. भांडे उलटे करून बुडाची माती, झिलई आणि निळ्याची छटा पाहतो.