सर्पगंधा, सेरोटोनिन आणि गांधीबागेची खोकी

नागपूरच्या गांधीबागेत औषधांचा ठोक बाजार आहे. तिथल्या खोक्यांत डिप्रेशनच्या गोळ्या असतात, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल असतं, डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं खोकल्याचं सिरपही असतं. तिन्ही एकाच पोटात गेली तर अंगातलं सेरोटोनिन धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं. मग शरीर ते आवरतं कसं? या शोधाची एक वाट आपल्या मुंबईतून जाते बरं का.

१९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं, की सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो. वैद्यांना मुळी जुनीच, पण जगाचं लक्ष आता गेलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५५मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडींच्या गटाने ते प्राण्यांना दिलं, तर लघवीत ५-एचआयएए वाढलं. हा सेरोटोनिनचा चोथा! म्हणजे औषधाने पेशींतला साठा उपसला आणि शरीराने तो मोडून बाहेर टाकला.

मोडण्याचं काम करतं मोनोअमाइन ऑक्सिडेज, थोडक्यात माओ. (चेअरमनशी संबंध नाही.) त्याआधी मज्जापेशी सांडलेलं बरंचसं सेरोटोनिन परत आत ओढून घेतात. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या हे ओढणंच अडवतात. माओ अडवणारं पहिलं गाजलेलं औषध मात्र टीबीचं, इप्रोनियाझिड. १९५२च्या सुमारास ते घेणारे पेशंट भलतेच खुशीत दिसायला लागले. प्राण्यांना आधी ते आणि मग रेसर्पिन दिलं, तर ते सुस्त व्हायच्या ऐवजी चेकाळले.

दोन्ही वाटा एकदम बंद झाल्या तर माणसाला घाम, थरथर, पायांना झटके, ताप येतो. हा सेरोटोनिन सिंड्रोम. जीवही जाऊ शकतो. औषध वेळेत थांबवलं तर सौम्य त्रास बहुधा दिवसभरात ओसरतो. पण जुन्या औषधांनी माओ कायमचं निकामी होतं, शरीराला ते नव्याने बनवायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून गोळी बदलताना डॉक्टर मध्ये तेवढी गॅप ठेवतात. फ्लुओक्सेटिन तर इतकं रेंगाळतं, की त्यानंतर पाच आठवडे थांबावं लागतं.

आणि गोष्ट फिरून टीबीवरच येते. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत आज लिनेझोलिड देतात, आणि तेही माओला थोडं अडवतं. घरात कुणाला ते चालू असेल आणि डिप्रेशनची गोळीही असेल, तर स्वतःहून काही बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.