विटाळ आणि पाळी

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बाई गरोदर असल्याचं कळलं की आशाताई आधी विचारते शेवटच्या पाळीची तारीख. ती माता-बाल संरक्षण कार्डावर चढते. तिच्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाचा अंदाज बांधता येतो. घरात पावरी किंवा भिली, बाजारात अहिराणी, पण कार्डावर 'पाळी'.

मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. पाळी म्हणजे खेप: रात्रपाळी, दिवसपाळी. त्यात काळाची मोजणी आहे, दोषाचा वासही नाही. 'ऋतुमती'तला ऋतू काळाचाच. 'मेन्सेस'च्या मुळाशी लॅटिन महिना आहे, आणि आपला 'मास' त्याच घराण्यातला.

घराघरांतले शब्द मात्र निराळे. बाहेरची आहे, कडेला बसली, कावळा शिवला. सगळे अंतराचे आणि स्पर्शाचे. दुखणारी कंबर, ओटीपोट त्यांत कुठेच नाही. या सगळ्यांवर छत्र धरून बसलाय 'विटाळ'. बाराव्या शतकात शेजारच्या गुजरातेत हेमचंद्राने अपभ्रंशाच्या व्याकरणात 'विट्टाल' नोंदवला आणि अर्थ दिला अस्पृश्याचा संसर्ग. रक्ताचं नावही नाही! ज्या शब्दाने माणसांना वेशीबाहेर ठेवलं, त्याच शब्दाने घरातल्या बाईला ओसरीवर बसवलं. म्हणूनच चोखामेळ्याची बायको संत सोयराबाई विटाळाला जाब विचारते तेव्हा जात आणि बाईपण, दोन्हींचा हिशेब एकदम मागते. तिच्याही आधी, तेराव्या शतकात, महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी शिष्यांना पाळीचा स्राव शरीराच्या इतर स्रावांसारखाच मानायला सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. पहिल्या खेपेला हीच भाषा मुलीचं कौतुक करते: न्हाण आलं, पदर आला, शहाणी झाली. पूर्वी तिला मखरात बसवत. पुढच्याच महिन्यात ती शहाणी मुलगी 'बाहेरची' होते, आणि आपल्या शरीराकडे कसं बघायचं हे तिथेच शिकते.

सिकलसेल आणि रक्तक्षय यांनी गांजलेल्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यात रक्त किती गेलं, किती दिवस गेलं हे डॉक्टरला स्पष्ट सांगता आलं पाहिजे. 'अडचण आहे' एवढ्यावर औषध देता येत नाही. तेव्हा आयांनो, आणि बापांनोही, घरात 'पाळी' म्हणा. लेकीला तिची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहू द्या.