शेव्हरोले पिकअपचा काचेचा फ्यूज

१९६७ ते १९७२ दरम्यानच्या शेव्हरोले सी-१० पिकअपचा फ्यूज बॉक्स बदलताना कारण बहुधा एकच दिलं जातं: जुना आहे, म्हणजे कमजोर असणारच. हे कारण मला पटत नाही. तो बॉक्स त्याच्या काळातल्या ट्रकला पुरेसा होता. ड्रायव्हरच्या पायांच्या वर, फायरवॉलवर बसवलेल्या त्या बॉक्सवर हीटर, रेडिओ, मागचे दिवे, इंडिकेटर असा मोजका भार असे. हेडलाइटला फ्यूजच नव्हता, स्विचमध्ये सर्किट ब्रेकर होता, कारण फ्यूज उडाला की दिवे गेले ते गेलेच; ब्रेकर थंड झाला की पुन्हा जोडला जातो आणि रात्री रस्ता निदान अधूनमधून दिसतो. एवढा विचार करणाऱ्या इंजिनिअरांना कामचलाऊ म्हणणं अन्यायाचं आहे. बदलला तो ट्रक, आणि हा बदल या बॉक्सच्याही आधीपासून सुरू झाला होता. १९५५ मध्ये शेव्हरोलेने पिकअपना ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्टची बॅटरी दिली आणि त्याच वर्षी कॅमिओ कॅरिअर हे देखणं मॉडेल काढलं. मालवाहू गाडी घरच्या गाडीकडे सरकू लागली होती आणि त्यानंतर विजेची मागणी वाढतच गेली.

आता जुन्या बॉक्समधल्या काचेच्या नळीच्या फ्यूजपेक्षा चपटा ब्लेड फ्यूज सरस का, हे पाहायला हवं. लिटलफ्यूज कंपनीने तो १९७६ मध्ये आणला. १० अँपियरला लाल, २० ला पिवळा, ३० ला हिरवा अशी रंगांची ओळख त्याला मिळाली. पण एका बाबतीत जुनी पद्धत जास्त शहाणी होती. एसएफई जातीच्या काचेच्या फ्यूजची लांबी अँपियरनुसार बदलत असे, त्यामुळे ९ च्या जागी २० चा बसतच नसे. ब्लेडमध्ये १० च्या खाचेत ३० चा बिनबोभाट बसतो. तरीही मी ब्लेडच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण पकड. काचेच्या फ्यूजची पितळी क्लिप वर्षानुवर्षांत सैल पडते, हिरवट गंज चढतो, रोध वाढतो, क्लिप तापते. फ्यूज शाबूत राहतो आणि बॉक्सचं प्लॅस्टिक मात्र वितळतं.

जुना बॉक्स बदलू नये, हा मूळपणा जपणाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. ज्या ट्रकवर आजही फॅक्टरीतलाच भार आहे, तिथे क्लिपा घासून, आवळून जुना बॉक्सच ठेवावा. पण इलेक्ट्रिक फॅन, इंधन पंप, एसी बसवल्यावर तोच बॉक्स ठेवणं म्हणजे मूळपणा नव्हे, कारण मूळ हिशेबच उरलेला नसतो. ‘मग मोठा फ्यूज घाला’ हा सल्ला तर घातकच. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो वाढवला आणि वायर तीच ठेवली, तर आधी वायर जळेल. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या पेनलेस परफॉर्मन्ससारख्या कंपन्या बॉक्ससोबत अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण संच, विकतात, त्यात हेच शहाणपण आहे. अर्धशतक उन्हातेलात वाळलेल्या वायरींना नुसता नवा बॉक्स जोडून काहीच साधत नाही. बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरीचाही विचार करावा लागतो. तिथे फ्युजिबल लिंक असते: मुख्य वायरीपेक्षा चार गेजने बारीक असा छोटा तुकडा, जो शॉर्ट झाल्यावर सगळ्यांत आधी वितळतो. भार वाढवला तर मुख्य वायर आणि ही लिंक दोन्ही नव्या हिशेबाने निवडाव्या लागतात.