ताकदीची गोळी आणि डॉक्टरांचा प्रश्न

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "सध्या कुठली औषधं चालू आहेत?" आपण सांगतो, "विशेष काही नाही." आणि घरच्या कपाटात कॅल्शियमची बाटली असते, ओमेगाच्या कॅप्सुल्स असतात, कुणीतरी परदेशातून आणलेला मल्टिव्हिटॅमिनचा डबा असतो. आपण खोटं बोलत नसतो. आपल्या लेखी ती औषधं नसतातच; त्या 'ताकदीच्या गोळ्या' असतात. हा फरक आपल्या मनात कसा रुजला, ते आज पाहू.

सुरुवात आपल्या मुंबईतूनच करू. 1928 साली लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर इथे आल्या. गिरणगावातल्या गरोदर बायकांना एक गंभीर प्रकारचा ॲनिमिया होत होता. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी शोध सुरू केला. जंतूंचा संशय होताच, पण या बायका रोज काय खातात, याचीही त्यांनी बारकाईनं चौकशी केली. अखेर 'मार्माइट' या यीस्टच्या स्वस्त अर्कानं रुग्ण सुधारू लागल्या. 1931 मध्ये हे निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले. त्या अर्कातलं नेमकं काय काम करतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे 1941 मध्ये पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचं नाव फॉलिक ॲसिड.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पूरक द्रव्य डॉक्टरांच्या हातूनच रुग्णापर्यंत पोचलं, आणि तेही "तुम्ही काय खाता?" हे विचारल्यानंतर.

पण लवकरच एक धडा मिळाला. 1940 च्या दशकात 'पर्निशियस ॲनिमिया'च्या रुग्णांना फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं गेलं. रक्त सुधारलं, डॉक्टर खूश झाले. पण काही रुग्णांच्या मज्जातंतूंची हानी मात्र होतच राहिली, कधी वाढलीही. कारण त्यांच्यात खरी कमतरता होती ती बी-12 ची, आणि हे जीवनसत्त्व वेगळं काढता आलं 1948 मध्ये. म्हणजे एका गोळीनं दुसरी उणीव झाकली गेली.

हा धडा आपल्यासाठी जुना झालेला नाही. बी-12 मुख्यतः दूध, अंडी, मांस-मासे यांतून मिळतं. पुण्यातल्या संशोधनानं आपल्याकडे त्याची कमतरता किती सर्रास आढळते, हे दाखवून दिलं आहे. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननंही बी-12 कमी होऊ शकतं. आता अशा एखाद्या शाकाहारी आजींनी थकवा येतो म्हणून स्वतःच्या मनानं फॉलिक ॲसिड सुरू केलं, आणि पायाला मुंग्या येतात म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या, तर ती गोळी डॉक्टरांना कळायला हवी की नको?

मग ती कळेनाशी का झाली? एक कारण कायद्यात आहे. अमेरिकेत 1994 च्या कायद्यानं पूरकांना औषधापेक्षा अन्नाच्या रांगेत बसवलं. बाजारात आणण्याआधी परिणामकारकता सिद्ध करायची गरज उरली नाही. आपल्याकडे 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यातही ती अन्नाखालीच येतात. अन्न म्हटलं की चिठ्ठी लागत नाही. आणि चिठ्ठी नाही म्हणजे बोलणंही नाही.

दुसरं कारण माणसांच्या मनात आहे. 1990 साली अमेरिकेत एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. तीत जीवनसत्त्वांचे मोठे डोस, वनौषधी असे चाकोरीबाहेरचे उपचार घेणाऱ्यांपैकी 72 टक्के लोकांनी आपल्या डॉक्टरांना ते सांगितलंच नव्हतं. आपल्याकडचं चित्र आपल्याला माहीत आहेच. "डॉक्टर रागावतील" ही रुग्णाची धास्ती. आणि बाहेर रांग लागलेली असताना नसता विषय कशाला काढा, हा डॉक्टरांचा विचार. शिवाय "एखादं टॉनिक लिहून द्या ना" म्हणणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या टॉनिक लिहून दिलं गेलं आहे, तेव्हा आता एकदम उपदेश करणंही अवघडच.

आणि बोललं तर उपयोग साधा, रोजचा असतो. थायरॉइडच्या गोळीबरोबरच कॅल्शियम किंवा लोह घेतलं तर ती गोळी नीट शोषली जात नाही. साधारण चार तासांचं अंतर लागतं. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येऊ शकतात, थायरॉइडच्याही, आणि हृदयविकाराच्या निदानासाठीच्याही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2017 मध्ये तसा इशाराच दिला होता.

म्हणून प्रश्नच बदलायला हवा. "औषधं कुठली?" याच्या जोडीला "गोळ्या, पावडरी, काढे, जे काही पोटात जातं ते सगळं सांगा, पुढच्या वेळी बाटल्याच घेऊन या," असं डॉक्टरांनी म्हणावं. न रागावता म्हणावं. आणि त्यांनी नाही विचारलं, तर आपण होऊन पिशवी टेबलावर ठेवावी. नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी गिरणगावात याच चौकशीतून उत्तराकडे वाट निघाली होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.