अतिमासेमारी

नैसर्गिक जनन व वाढ यांमुळे एखाद्या मत्स्यसाठ्यात दरसाल जेवढी भर पडते तीहून अधिक मासळी वर्षानुवर्षे काढली गेली, म्हणजे तो साठा क्षीण होत जातो. या स्थितीस अतिमासेमारी म्हणतात. समुद्रातील मोठे साठे मनुष्याच्या हातून सरणारे नव्हेत, असा निर्वाळा १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्स्ली यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने दिला होता. पुढे दोन्ही महायुद्धांत उत्तर समुद्रातील मासेमारी बहुतांशी बंद पडली आणि तहानंतर समुद्रात उतरलेल्या नौकांना पूर्वीपेक्षा मोठी व विपुल मासळी लाभली, तेव्हा या मताचा पाया ढासळला. साठ्याची वाढ व घट यांचे गणित बेव्हर्टन व होल्ट या मत्स्यवैज्ञानिकांनी १९५७ च्या ग्रंथात मांडले.

साठ्याचे आरोग्य : केवळ पकडीच्या वजनावरून साठ्याची प्रकृती जोखणे भ्रामक होय. माशाच्या कानातील कर्णाश्म कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, म्हणजे झाडाच्या खोडातल्याप्रमाणे वर्षावर्षाची वलये मोजता येतात. अशा शेकडो माशांची वये मांडली असता बेसुमार मासेमारी झालेल्या साठ्यात वयस्क मासे जवळजवळ नाहीसे झालेले आढळतात. ही हानी संख्येच्या हानीहून गंभीर आहे, कारण अंड्यांचे प्रमाण वजनाच्या मानाने अधिक वेगाने वाढते : ३० किलो वजनाची एक कॉड मादी २ किलोच्या २८ माद्या मिळून घालतात त्यांहून अधिक अंडी घालते. शिवाय मोठे होण्याआधीच मरण ठरलेले असेल तेथे लवकर वयात येणाऱ्या माशांचाच वंश टिकतो. हा बदल आनुवंशिक किती व परिस्थितिजन्य किती, याविषयी मतभेद आहेत.

न्यू फाउंडलंडचा कॉड : या विषयातील सर्वांत बारकाईने अभ्यासलेले उदाहरण. किनाऱ्यालगतच्या होड्यांनी कित्येक शतके पुरवून खाल्लेला हा साठा १९५० नंतर आलेल्या, मासळी जहाजावरच गोठवणाऱ्या परदेशी ट्रॉलरांच्या (जाळे पाण्यातून ओढत नेणाऱ्या नौकांच्या) तडाख्यात सापडला व १९६८ साली पकड ८ लाख टनांवर गेली. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंत आपला अंमल बसवला. परंतु परकीयांची जागा स्वदेशी ट्रॉलरांनी घेतली. साठा घटत असताही उरलेले मासे दाटीने एकत्र येत, त्यामुळे ट्रॉलरांची पकड भरघोसच राहिली, आणि तीवर विसंबलेले सरकारी अंदाज वास्तवाहून फुगलेले निघाले. आपली मासळी लहान व विरळ होत चालल्याची किनाऱ्यावरील मच्छीमारांची तक्रार मात्र दप्तरी वेळीच मानली गेली नाही, ही खेदाची गोष्ट होय. २ जुलै १९९२ रोजी मासेमारीस मनाई झाली व सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार बुडाला. तोवर मादीचे वयात येण्याचे वय सुमारे सहा वर्षांवरून पाचावर आले होते. थंड पाणी व सील यांचा या ऱ्हासात वाटा किती, हे वादग्रस्त आहे. दोन वर्षांपुरती म्हणून घातलेली ही मनाई उठून अल्प प्रमाणात व्यापारी मासेमारी सुरू होण्यास २०२४ साल उजाडले.

महाराष्ट्र : बोंबील व जवळा यांसाठी ओहोटी-भरतीच्या ओढीत रोवलेल्या डोल जाळ्यांच्या बारीक आसांतून पापलेटाची पिल्लेही सुटत नाहीत, आणि बाजारात येण्याजोगी होण्याआधीच ती कुटीत (भुकटीसाठी जाणाऱ्या हलक्या मासळीत) जातात. ट्रॉल व पर्ससीन (माशांचा थवा वेढून आवळणाऱ्या) जाळ्यांविषयी पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. राज्याचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. पावसाळी बंदीची मुदत ६१ दिवसांची. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा घोषित झाला.

गोडे पाणी : नद्या व तलावांतील साठ्यांवर धरणे व प्रदूषण यांचाही भार असल्याने मासेमारीचा परिणाम वेगळा काढणे दुष्कर आहे.